एसी कोणता, त्याआधी खोली कोणती?

पत्र थोडक्यात असं: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक शिक्षिका लिहितात. स्वतःचं दुमजली घर आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासू-सासऱ्यांची बारा बाय बाराची खोली. वर नवरा-बायकोची खोली आणि यंदा बारावीला जाणाऱ्या मुलाची लहान खोली. त्यावर थेट गच्ची. एप्रिल-मेमध्ये वर झोपणं होत नाही, मग सगळे हॉलमध्ये पत्र्याच्या कुलरसमोर गाद्या टाकतात. यंदा एसी घ्यायचं ठरलं आणि घरात चार मतं झाली. नवऱ्याचं म्हणणं, हॉलमध्ये 2 टनाचा बसवू, दारं उघडी ठेवली की सगळं घर गार होईल. पुण्याचा दीर सांगतो, 1.5 टन, 5 स्टार, इन्व्हर्टर. दुसरं काही बघूच नका. सासरे म्हणतात, कुलर आहे की, एसीनं हाडं धरतात. मुलाला एसी स्वतःच्या खोलीत हवा. दुकानदाराचे भाव: 2 टन 3 स्टार 47 हजार, 1.5 टन 5 स्टार 43 हजार, तोच 3 स्टारमध्ये 37 हजार, विंडो 33 हजार. हातात 45 हजार आहेत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, अधूनमधून लाइट जाते. ‘कोणता एसी सगळ्यात चांगला ते एकदाचं सांगा, म्हणजे मला घरात ठामपणे बोलता येईल,’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, दिराचं आहे, सासऱ्यांचं आहे, मुलाचंही आहे. सासूबाईंचं नाही. तुमचं स्वतःचंही नाही. आणि भर दुपारी, तुम्ही शाळेत आणि तुमचे मिस्टर कामावर असताना, त्या घरात थांबणारी माणसं दोनच: सासू आणि सासरे. तुम्ही विचारलंय कोणता एसी चांगला. मला वाटतं आधी हे ठरायला हवं की तो कुणासाठी, कोणत्या खोलीत आणि दिवसाचे किती तास. ते ठरलं की टन, स्टार, स्प्लिट की विंडो हे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात. दुकानात मात्र उलटं होतं. तिथे आधी मशीन ठरतं आणि मग त्याला खोली शोधली जाते.

सासऱ्यांपासून सुरू करते, कारण घरात त्यांचंच म्हणणं सगळ्यात आधी उडवून लावलं जात असणार. त्यांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलं असेल तर ते खोटं बोलत नाहीत. हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर, लहान खिडक्या. असल्या घरात दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. त्या घराला पंखासुद्धा चैन होती. तुम्ही राहता ते घर आरसीसीचं. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खाली सोडत बसतो. गॅस बंद केला तरी तव्यावरची भाकरी भाजत राहते, तसं तुमच्या वरच्या मजल्याचं रात्री अकराला चाललेलं असतं. सासऱ्यांचा अनुभव खरा आहे, घर बदललंय.

कुलरबद्दलही ते निम्मे बरोबर आहेत. आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडा असतो आणि कोरड्या हवेत कुलर फार इमानदारीनं काम करतो. बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या पॅडचा कुलर 28-29 अंशांची हवा देऊ शकतो, तीही एसीच्या पाव विजेत. अट एकच, खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कुलर लावला की तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. मृगाचा पाऊस पडून गेला की हा खेळ संपतो. जूनमध्ये बाहेर 32 अंश आणि आर्द्रता 70 टक्के झाली की कुलरमधून येणारी हवा पुन्हा 28-29 अंशांचीच असते, फक्त आता ती ओली असते आणि घाम वाळूच देत नाही. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कुलर हा नुसता आवाज करणारा पंखा.

दुसरी अडचण पाण्याची, आणि मराठवाड्यात ती अडचण म्हणून सोडून देता येत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. कुलर 1 टन एसीइतकी उष्णता खेचायचा म्हणजे त्यात तासाला साधारण 5 लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. आठ तास चालवला तर 40 लिटर. आठवड्याला नळ येणाऱ्या घरात ते दोन माणसांच्या अंघोळीचं पाणी झालं. बोअरचं पाणी वापरलं तर पॅडवर क्षार धरतो आणि दोन महिन्यांत हवा निम्मी होते.

आणि पत्र्याचा कुलर म्हटलाय म्हणून सांगते, त्याचं अर्थिंग याच आठवड्यात तपासून घ्या. कुलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपल्या भागात दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. पाणी भरताना पिन काढलेली असावी, नुसतं बटण बंद केलेलं चालत नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करून घासा, डेंग्यूचा डास त्याच साठलेल्या पाण्यात वाढतो.

आता तुमच्या मिस्टरांची योजना. दारं उघडी ठेवून हॉलच्या एसीनं सगळं घर गार करायची कल्पना फार घरांत असते, त्यामुळे जरा थांबून सांगते. गार हवा जड असते, ती खाली बसते. हॉलमधून जिना वर जात असेल तर गरम हवा वर जाऊन साचते, पण गार हवा काही जिना चढून मुलाच्या खोलीत जात नाही. स्वयंपाकघराचं दार उघडं म्हणजे गॅसची उष्णता एसीच्याच माथी. असा 2 टन एसी रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं पळत राहतो आणि समोर बसलेल्या दोघांना तेवढा गार लागतो. 1 टन म्हणजे सुमारे 3.5 किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, आणि ती बंद खोलीच्या हिशेबानं मोजतात. हॉलसाठी मी तुम्हाला कोणताच एसी सुचवणार नाही. पाहुणे आल्यावर शोभा येते हे खरं, पण पाहुणे मे महिन्यात किती वेळ बसतात?

राहिल्या दोन खोल्या: वर मुलाची, खाली सासू-सासऱ्यांची.

माझा कौल खालच्या खोलीला. कारण सरळ आहे. वय झालं की शरीराला उष्मा उशिरा कळतो आणि तहानही कमी लागते. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. हवा 40 अंशांच्या वर गेली की पंखासुद्धा उपयोगाचा राहत नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो. शिवाय या खोलीच्या डोक्यावर दुसरा मजला आहे, म्हणजे ऊन थेट स्लॅबवर येत नाही. तोच एसी इथे वरच्यापेक्षा कमी विजेत जास्त काम करील. रात्री याच खोलीत दोन गाद्या जास्तीच्या पडल्या तर मे महिना सगळ्यांचाच निघतो, नाहीतरी आज तुम्ही हॉलमध्ये तेच करता. मुलगा कुरकुर करील. आजोबा घोरतात, लाइट लावून अभ्यास करता येत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नसेल. त्यानं दुपारी आजी-आजोबा आडवे होतात तेव्हा तिथेच टेबल टाकून बसावं आणि रात्रीचा अभ्यास वर कुलर लावून, खिडकी उघडी ठेवून करावा. तुमचा कुलर एसी आल्यावर भंगारात जाणार नाही, तो वर जाईल. फक्त एकाच खोलीत दोन्ही एकदम लावू नका. कुलर हवेत पाणी सोडतो, एसी तेच पाणी काढत बसतो आणि बिल दोघांचं येतं.

टन किती? बारा बाय बारा म्हणजे 144 चौरस फूट, नेहमीच्या हिशेबानं 1 टनात बसतं. तरी मी 1.5 टन म्हणेन. एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते. परभणीत पारा 43-44 ला टेकतो तेव्हा तेच मशीन तितकी गार हवा देऊ शकत नाही. (‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनी ही बाब नीट लपवली आहे.) शिवाय रात्री चार-पाच माणसं. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर गरज संपली की हळू चालतो, त्यामुळे अर्धा टन जास्तीचा वाया जात नाही. दुकानात एवढं जरूर विचारा की हे मॉडेल बाहेर किती तापमानापर्यंत चालतं. काही 46 अंशांना दम तोडतात, काही 50 च्या वर चालतात. आपल्याकडे हा प्रश्न वायफायपेक्षा महत्त्वाचा.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. इन्व्हर्टर एसी म्हणजे घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालणारा एसी, असं बरेच जण धरून चालतात. त्याचा इथे काही संबंध नाही. तुमच्या घरचा पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर 1.5 टन एसी उचलणार नाही. लाइट गेली की एसी बंद. अशा वेळी बंद खोली काही वेळ गार राहते, तेवढ्यावर भागवायचं.

आता स्टार, म्हणजे एसी किती कमी वीज खातो ते सांगणारे लेबलवरचे तारे. दिरांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांनी हिशेब पुण्यातल्या घराचा सांगितलाय. लेबलवरचे वर्षाचे युनिट 1600 तास वापर धरून काढलेले असतात. समजा 3 स्टारच्या लेबलवर 950 युनिट आहेत आणि 5 स्टारच्या लेबलवर 750. फरक 200 युनिटांचा, पण 1600 तासांत. एसी फक्त रात्री आठ तास, तोही मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चालला तर 720 तास होतात आणि वाचतात 90 युनिट. 12 रुपये युनिट धरलं तर हजारभर रुपये. म्हणजे दोन मॉडेलमधले 6 हजार फिटायला साडेपाच वर्षं. हाच एसी सासू-सासऱ्यांसाठी दुपारचे पाच तासही चालला तर 1170 तास होतात, 146 युनिट वाचतात आणि पैसे साडेतीन वर्षांच्या आत फिटतात. म्हणून मुलाच्या खोलीत घेतलात तर 3 स्टार पुरे, खालच्या खोलीत घेतलात तर 5 स्टार. माझे आकडे उदाहरणाचे आहेत. दुकानात दोन्ही लेबलांचे फोटो काढा, आपल्या बिलावरचा दर घाला आणि पुन्हा करा. लेबलवरचं वर्षही बघा, कारण स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या मालावरचे पाच तारे नव्या निकषात पाच राहत नाहीत.

पण 43 हजारांचा एसी घेतला म्हणजे 45 हजारांत काम झालं असं समजू नका. बाहेरच्या युनिटचं स्टँड, तांब्याची जादा पाइप, फिटिंग, स्टॅबिलायझर आणि मीटरपासून वेगळी वायर हे सगळं वरून येतं. 1.5 टनाला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतःचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, हवा. पंख्याच्या जुन्या वायरीवर एसी जोडून देणारे वायरमन मिळतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं खोक्यावर छापलेलं असतं, ते ठराविक व्होल्टेजपर्यंतच खरं असतं. शेतातले पंप सुरू झाले की डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येऊन तुमच्याकडे व्होल्टेज किती खाली जातं ते संध्याकाळी वायरमनकडून मोजून घ्या आणि माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहा. खाली जात असेल तर 4 केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्यावाच लागेल. या सगळ्यात पैसे कमी पडले तर दोन स्टार कमी करा. वायर आणि अर्थिंग कमी करू नका.

विंडो एसीला आजकाल कुणी विचारत नाही, मला तो तितका वाईट वाटत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या नोकरदारांना तो सोयीचा. काढला, नेला, दुसऱ्या खिडकीत बसवला. आवाज जास्त आणि खिडकीचा उजेड जातो, हे आहेच. तुमचं घर स्वतःचं आहे आणि सासऱ्यांची झोप सावध असणार, तेव्हा स्प्लिट. चाकांवर फिरवायचा, एकाच नळीचा पोर्टेबल एसी मात्र कुणी भेट दिला तरी घेऊ नका. तो खोलीतली गार झालेली हवाच नळीतून बाहेर फेकतो आणि तिच्या जागी दाराच्या फटीतून बाहेरची 43 अंशांची हवा आत येते.

कॉइल तांब्याचीच मागा. अॅल्युमिनिअमची स्वस्त पडते, पण ती गळायला लागली की तालुक्याच्या गावात दुरुस्त करणारा मिळत नाही. त्याच कारणानं कंपनी निवडताना जाहिरातीपेक्षा सेलू, जिंतूर, मानवत या भागात तिचा सर्व्हिसवाला प्रत्यक्ष येतो का, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा.

हाडं धरण्याबद्दल. सासऱ्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. 18 अंशांवर लावलेल्या एसीची झोत थेट गुडघ्यांवर घेऊन रात्रभर झोपलं तर सकाळी सांधे आखडणारच. एसी 27 वर ठेवा, वर पंखा मंद चालू द्या, झोत छताकडे वळवा आणि इनडोअर युनिट पलंगाच्या डोक्यावर किंवा पायाशी न लावता बाजूच्या भिंतीवर घ्या. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे एसी मुळातच 24 अंशांवर सुरू होतात. तिथून वर नेलेल्या प्रत्येक अंशाला सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. 27 अंशांची कोरडी हवा आणि पंखा यात सहसा कुणाची हाडं धरत नाहीत. सासऱ्यांना वाद घालून पटवू नका. एसी बसला की पहिली दुपार त्यांना तिथे आडवं होऊ द्या आणि रिमोट त्यांच्याच हातात द्या.

वरच्या मजल्याचं काय, हे राहिलं. तिथे एसीच्या आधी गच्चीवर खर्च करा. मार्च लागताच स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्या. पैसे असतील तर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग लावा, तो जास्त टिकतो. तुमच्या नात्यात कुणाची शेती असेल तर शेडनेट घरातच मिळेल. स्लॅबपासून दोन-तीन फूट उंच ताणून बांधलं, खालून हवा खेळती ठेवली की बरंचसं ऊन स्लॅबला लागतच नाही. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून ताट्या किंवा चटई लावा, कारण काचेतून आत आलेलं ऊन पडदा परत पाठवू शकत नाही. एवढं केल्यावर पुढच्या वर्षी वर दुसरा एसी घ्यायचा झालाच, तर तो लहान पुरेल.

बिलाची मनाची तयारी ठेवा. दुपार आणि रात्र मिळून दिवसाला 8 ते 10 युनिट धरा, म्हणजे मे महिन्यात अडीचशे-तीनशे युनिट वाढतील. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर चढतात. चढा दर त्या टप्प्याच्या वरच्या युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नाही, हे मिस्टरांना आधीच सांगून ठेवा. मंजूर लोड कमी असेल तर तो वाढवून घ्या. दोन-तीन वर्षांनी सोलरचा विचार करायला हरकत नाही. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे, 1 किलोवॅट दिवसाला सुमारे 4 युनिट देतो आणि पॅनेलची सावली स्लॅबवर पडते तो वेगळाच फायदा. बॅटरी नसलेलं सोलर मात्र लाइट गेली की तेही बंद पडतं.

राहता राहिलं फिटिंग. मार्चमध्येच उरकून घ्या. एप्रिलच्या मध्याला फिटिंगवाले दिवसाला सहा-सात घरं करतात आणि घाईत व्हॅक्युम पंप गाडीतच राहतो. पाइप जोडल्यावर त्यातली हवा आणि ओल पंप लावून 15-20 मिनिटं ओढून काढावी लागते. बरेच जण थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात आणि उठतात. आजकालच्या बहुतेक एसींत आर-32 गॅस असतो, तो थोडा ज्वलनशीलही आहे, तेव्हा समोर उभं राहून पंप लावायला सांगा, शिक्षिका आहात, जमेल. बाहेरचं युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत. बोळात नको आणि पश्चिमेच्या उन्हात नको. आपल्याकडे धूळ फार, म्हणून आतली जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, त्याला मेकॅनिक लागत नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणी ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ म्हणालं तर लगेच पैसे काढू नका. एसीतला गॅस वापरून संपत नाही, गळला तरच कमी होतो. आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा, ती बंद करून घ्या आणि मगच गॅस भरू द्या.